न आटणारा आनंद

(गावोगावच्या मंडळ्या व उपदेशक ह्यांच्यासाठी शास्त्राभ्यास)

शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र 4:4–20. सोबत वाचावे : प्रेषितांची कृत्ये 16:16–40 व हबक्कूक 3:17–19.



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातील गावे कशी ओस पडू लागतात, हे तुम्हांस सांगावयास नको. घरास कुलूप लागते, म्हातारी माणसे व शाळेची मुले मागे राहतात, आणि कर्ती माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. उपासनेस बसणाऱ्यांची संख्या दिवाळीनंतर निम्म्यावर येते, ती उन्हाळ्यात टोळ्या परत येईपर्यंत तशीच राहते.

काही वर्षांपूर्वी, टोळ्या निघण्याच्या आदल्या रविवारी, आम्ही एका लहान मंडळीत समाधान ह्या विषयावर उपदेश केला. वर लिहिलेलाच शास्त्रभाग घेतला होता. थोडक्यात तृप्त असावे, कुरकुर करू नये, सर्व स्थितीत आनंद मानावा, असे आम्ही सांगितले. उपासना आटोपल्यावर एक बहीण दाराशी थांबली. तिच्या कडेवर मूल होते. ती शांतपणे म्हणाली, “पाळकसाहेब, समाधानानं राहा म्हणून आम्हांला सांगितलंत, बरं झालं. आता मुकादमाला काय सांगता?”

आम्ही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची गाडीही गेली. परंतु तिचा प्रश्न मात्र गेला नाही. घरी येऊन आम्ही तोच शास्त्रभाग पुन्हा वाचावयास घेतला, आणि आमच्या ध्यानात आले की, आम्ही त्याच्या अर्ध्याच भागावर उपदेश केला होता. राहिलेल्या अर्ध्या भागात तिच्या प्रश्नाचे उत्तर होते. आज हा पाठ तुमच्यापुढे ठेवताना ते कर्ज थोडेफार फिटावे अशी आमची इच्छा आहे.

1. हे शब्द कोठून आले?

आनंदाविषयी सुखवस्तू मनुष्य बोलू लागला म्हणजे गरिबाने सावध राहावे, हे योग्यच आहे. म्हणून प्रथम हे पाहू की, पौल हे पत्र कोठे बसून लिहितो. तो बंदिवान आहे. परंपरेने हे स्थान रोम मानले आहे. आपली सुटका होईल की आपणांस मरणदंड होईल, हे त्यास ठाऊक नाही. पत्र चारच अध्यायांचे आहे. तरी आनंद हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतो.

ज्यांस तो लिहितो, त्यांनीही त्यास पूर्वी तुरुंगात पाहिले होते. फिलिप्पै हे मासेदोनियातील नगर. तेथे एका दासीच्या अंगी शकुन सांगणारा आत्मा होता, आणि तिच्या भविष्यकथनावर तिच्या धन्यांची मोठी कमाई चालत असे. पौलाने ख्रिस्ताच्या नावाने तिला मुक्त केले. मुलगी सुटली, पण धन्यांची मिळकत बुडाली. त्यांनी पौल व सीला ह्यांस चौकात ओढून नेले. चौकशी न होता दोघांस छड्यांचा मार बसला, आणि त्यांचे पाय आतल्या कोठडीत खोड्यात अडकविले गेले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत व देवाची स्तोत्रे गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते, असे लूक सांगतो.

ध्यानात घ्या, ह्या गाण्याच्या वेळी भूकंप झालेला नव्हता. दारे बंद होती. पाठीवरच्या जखमा धुतलेल्या नव्हत्या. सुटकेनंतर गाणे कोणासही सुचते. सुटकेपूर्वी जे गाणे सुचते, त्याचा उगम निराळा असला पाहिजे. तो उगम शोधणे हाच आजचा पाठ होय.

2. समाधान शिकावे लागते

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील अकराव्या वचनात पौल म्हणतो की, ज्या स्थितीत आपण आहोत तीत तृप्त राहावयास आपण शिकलो आहोत. ‘शिकलो’ ह्या शब्दावर बोट ठेवा. त्याचा स्वभावच शांत होता, असे तो म्हणत नाही. बाप्तिस्मा होताच सर्व मिळाले, असेही म्हणत नाही. पुढच्या वचनात तो आणखी एक शब्द वापरतो. मूळ ग्रीक भाषेत तो दीक्षा मिळणे ह्या अर्थाचा आहे. अनुभवाने, वर्षानुवर्षांच्या चालीने, हे गुपित आपणांस उलगडले, असा त्याचा भाव आहे.

‘तृप्त’ ह्यासाठी पौलाने ‘औतार्केस’ हा शब्द योजिला आहे. हा शब्द त्या काळी स्तोयिक पंथाच्या तत्त्वज्ञान्यांचा आवडता होता. त्यांच्या मते ज्ञानी मनुष्य स्वतःत पुरता असतो. त्यास सुखदुःख हालवू शकत नाही, कारण त्याने आपले मन दगडासारखे केलेले असते. पौल त्यांचा शब्द घेतो, पण त्यातला अर्थ पालटतो. तेरावे वचन पाहा : त्याची शक्ती त्याच्या स्वतःची नाही, त्यास बळ देणाऱ्या ख्रिस्ताची आहे. स्तोयिक म्हणे, “मला कोणाची गरज नाही.” पौलाच्या म्हणण्याचा भाव असा की, “मी रिता आहे. परंतु ज्याच्याशी मी जोडलेला आहे तो रिता नाही.”

हाच भेद उपदेशक बंधूंनी मंडळीस नीट समजावून द्यावा. ख्रिस्ती समाधान म्हणजे मन मारणे नव्हे. पौल रडला, एपफ्रदीत मरणाला टेकला तेव्हा दुःखावर दुःख येईल म्हणून तो भ्याला, हे त्याने ह्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लपविलेले नाही. प्रभू येशू लाजाराच्या कबरेजवळ रडला. ज्यास रडू येत नाही त्याचा आनंद खरा आहे, असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. पौल उपाशी राहावयास शिकला, तसाच भरल्या घरी राहावयासही शिकला. हा दुसरा धडा अधिक कठीण आहे. मुकादमाकडून उचलीची रक्कम एकदम हाती पडते, त्या दिवशी किती घरांत आनंदाचा भास होतो! त्यातूनच लग्नाचा थाट होतो, दारू येते. आणि पैसा संपतो तेव्हा फेडण्यासाठी दोघांचे हात व सारा हंगाम गहाण पडलेला असतो. लूक 12 मधील श्रीमंत शेतकऱ्याने आपल्या जिवाला कोठारे दाखवून स्वस्थ राहा म्हटले, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. कोठार भरले म्हणजे जीव भरत नाही, हे पुष्कळ मिळालेल्या मनुष्यासही शिकावे लागते.

3. धरण आणि विहीर

हे समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील दोन जलस्थाने डोळ्यांपुढे आणू.

पहिले मांजरा धरण. मांजरा नदी आपल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, आणि केज तालुक्यात धनेगावापाशी तिच्यावर मोठे धरण आहे. भरलेले असते तेव्हा त्याचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. परंतु लागोपाठच्या अवर्षणाने ते कोरडे पडले, आणि 2016 च्या उन्हाळ्यात त्याच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एवढा मोठा साठा. पण वरून पाऊस थांबला की त्याची सद्दी संपली.

दुसरी बीड शहराच्या दक्षिणेची खजाना विहीर. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत, सलाबतखानाने ती बांधविली. दिसावयास ती धरणापुढे काहीच नाही. परंतु जमिनीखालून बांधलेल्या नाल्यांनी दूरचे पाणी तीत येते, आणि दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती आहे. वरून जाणाऱ्यास ते नाले दिसत नाहीत. त्यास फक्त पाणी दिसते.

मनुष्याचा आनंद ह्या दोहोंपैकी एका प्रकारचा असतो. पाऊस, भाव, नोकरी, मुलांचे यश, लोकांतला मान, ह्यांनी भरणारा आनंद धरणासारखा आहे. तो खोटा नाही. पाऊस ही देवाचीच देणगी आहे, आणि चांगले पीक पाहून हर्ष होणे हे पाप नव्हे. परंतु तो आकाशाकडे पाहून जगतो. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांविषयी तक्रार करतो की, त्यांनी वाहता झरा सोडून फुटके हौद खोदले. आणि योहान 4 मध्ये प्रभू येशू शोमरोनी स्त्रीस सांगतो की, आपण देतो ते पाणी मनुष्याच्या आत झरा होते. बाई तर दुपारच्या उन्हात घागर घेऊन आली होती. तिला तहान काय ते ठाऊक होते. म्हणूनच तिला ते लवकर समजले.

हबक्कूक संदेष्ट्याचे शेवटचे वचन आपल्या भागातील शेतकऱ्याने लिहिले असावे असे वाटते. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाचा बहर फसला, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. इतके सर्व मोजून तो म्हणतो की, तरीही आपण परमेश्वराच्या ठायी हर्ष करू. तो हानी लपवीत नाही. एक एक मोजतो. चारा-छावणीत जनावर सोडून आलेल्या मनुष्याने जसा हिशेब करावा तसा तो करतो. मग ‘तरीही’ म्हणतो. ह्या ‘तरीही’च्या खाली भुयारी नाला आहे, आणि तो ख्रिस्तात आपल्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

4. पंडिता रमाबाई : आठ वर्षांनंतरचा आनंद

आता महाराष्ट्रातील एका जीवनाकडे पाहू. पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही ऐकले आहे. परंतु त्यांच्या आनंदाचा इतिहास थोड्यांस ठाऊक असतो.

त्यांचा जन्म 1858 साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि आईने ती विद्या रमाबाईंस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. 1874 च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आईबाप थोड्याच अंतराने वारले. थोरली बहीणही गेली. उरली भावंडे दोन. ती पायी देशभर हिंडून 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा मोठा गौरव होऊन त्यांस पंडिता ही पदवी मिळाली. परंतु 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला, 1881 साली मनोरमा जन्मली, आणि 1882 साली पतीही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, पती हे सर्व नाहीसे झाले, आणि हाती एक तान्ही मुलगी राहिली.

1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपणांस वाटेल की, येथे कथा पूर्ण झाली. परंतु पुढे 1907 साली आपली साक्ष लिहिताना रमाबाईंनी फार प्रांजळपणे सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही. ह्या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिला, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. काम मोठे होते, नाव मोठे होते, मत पक्के होते. तरी आत तहान होती. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. उपदेश करीत असतानाच ज्याला ख्रिस्ताची खरी ओळख झाली, असा तो मनुष्य होता. त्या वाचनाने त्या स्वतःकडे पाहू लागल्या. आणि आपल्या पुण्याईचा सर्व आधार सोडून, जशा होत्या तशा त्या ख्रिस्ताच्या स्वाधीन झाल्या. तेव्हापासून त्यांच्या साक्षीत आनंद हा शब्द मोकळेपणाने येऊ लागतो.

उपदेशक बंधूंनो, हे आम्हांसाठी व तुमच्यासाठी लिहिले आहे असे समजा. पाठ घेणे, प्रार्थना चालविणे, घरोघरी जाणे, हे सर्व करीत असतानाही मनुष्याची विहीर कोरडी असू शकते. तसे असेल तर लाजू नये, पण लपवूही नये. रमाबाईंनी लपविले नाही.

मग त्या आनंदाने काय केले? तो घरात बसला नाही. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपाशी व बेवारस फिरत होत्या. स्वतः दुष्काळाची पोर असलेल्या रमाबाई तिकडे गेल्या, आणि शेकडो मुलींस त्यांनी आणून सांभाळिले. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. 1905 साली तेथे मोठी आत्मिक जागृती झाली, तिची वार्ता दूरदेशी गेली. परंतु त्या जागृतीनंतरही रोजचे दळण, स्वयंपाक, विणकाम, छापखाना, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सर्व वर्षानुवर्षे चालूच राहिले. आनंदाची पारख येथे होते. उत्सवाच्या दिवशी सर्वच गातात. उत्सव उतरल्यावर जात्यापाशी जो टिकतो तो आनंद खरा.

शेवटची परीक्षा 1921 साली आली. आईचे काम पुढे चालवील असे जिच्याविषयी सर्वांस वाटे, ती मनोरमा आईच्या आधी वारली. रमाबाई त्या वेळी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. साध्या बायांस वाचता यावे हा त्यांचा हेतू होता, आणि मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियाच त्याचे खिळे जुळवीत. शोकातही ते काम त्यांनी सोडले नाही. ते संपवून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेविला. धरण कधीच कोरडे पडले होते. विहीर आटली नव्हती.

5. मुकादमाला काय सांगावे?

आता त्या बहिणीच्या प्रश्नाकडे येऊ.

फिलिप्पैच्या तुरुंगातील कथा मध्यरात्रीच्या गाण्यावर संपत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठविला की, ह्या माणसांस सोडून द्या. गुपचूप निघून जाणे सोपे होते. परंतु पौलाने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक असता, चौकशी न करता आम्हांस उघड मार दिला. आता चोरून का सोडता? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. आणि त्यांस यावे लागले. रात्री जो गात होता, त्यानेच सकाळी न्याय मागितला. ह्या दोन गोष्टींत विरोध नाही. ज्याचा आनंद अधिकाऱ्याच्या हातात नाही, त्यास अधिकाऱ्यापुढे सत्य बोलावयास भय वाटत नाही.

तसेच फिलिप्पैकरांस पत्रात, तृप्त राहावयास शिकलो असे म्हटल्यावर लगेच चौदाव्या वचनात पौल म्हणतो की, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे फार चांगले केले. पाहा, तृप्तीची गोष्ट तो स्वतःविषयी बोलतो. “मी तृप्त आहे, म्हणून तुम्ही काही पाठवू नका,” असे तो म्हणत नाही; आणि दुसऱ्या उपाशी मनुष्यास तर तो “तृप्त राहा” एवढेच सांगून कधीच वाटेस लावीत नाही. याकोबाने दुसऱ्या अध्यायात तसे करणाऱ्यांचा विश्वास मेलेला म्हटला आहे. समाधान ही माझ्या तोंडची साक्ष आहे. दुसऱ्याच्या पोटावर ठेवावयाचा तो दगड नाही. त्या रविवारी आमच्याकडून हीच चूक झाली.

मग मुकादमास व कारखानदारास सांगावयाचे वचन निराळे आहे, आणि तेही शास्त्रातच आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायातील चौथे वचन काढा. ज्यांनी शेत कापले त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणाऱ्यांची आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असा त्याचा आशय आहे. हे वचन उसाच्या फडात जितके समजते, तितके कोठेही समजत नाही. मोळी मोजण्यात खोट करणे, खाडा धरून मनमानी पैसे कापणे, उचलीचा हिशेब न दाखविणे, आजारी बाईस कामास लावणे, ही सर्व त्या आरोळीची कारणे आहेत. 2019 साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास राज्य सरकारला समिती नेमावी लागली, हे आपण विसरू नये. देवाच्या कानी गेलेली आरोळी त्याच्या मंडळीच्या कानी गेली नाही, तर दोष मंडळीचा आहे.

म्हणून जो मंडळीस समाधान शिकवितो, त्याने मजुराच्या बाजूने बोलावयासही शिकावे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन झालेले आहे. त्याची माहिती आपल्या लोकांस करून द्यावी, कागदपत्रांच्या कामी साह्य करावे. आणि आपल्याच मंडळीत कोणी मुकादम असेल तर त्यास प्रीतीने, परंतु स्पष्ट, याकोबाचे वचन वाचून दाखवावे. त्यानेही समाधान शिकावे. कारण दुसऱ्याच्या घामातून अधिक काढण्याची हाव हेच असमाधानाचे मोठे रूप होय.

6. फडावर आनंद कसा राखावा?

ज्या बंधुभगिनींस यंदा जावे लागेल, त्यांच्यासाठी काही साध्या सूचना.

पहिली : रोजच्या दिवसात एक वेळ ठरवावी. पहाटे काळोखात फडास जाण्यापूर्वी कोपीच्या दाराशी नवराबायकोने मिळून दोन वाक्यांची प्रार्थना केली तरी पुरे. अरण्यात मान्ना रोज सकाळी मिळे व रोजच गोळा करावा लागे, साठविलेला नासे. कालच्या प्रार्थनेवर आजचा आनंद चालत नाही.

दुसरी : गावे. नारायण वामन टिळकांनी शेजारच्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) राहून आपल्या लोकांच्या चालींवर ख्रिस्ती भजने लिहिली. ती पाठ असण्यास पुस्तक लागत नाही, दिवाही लागत नाही. थकलेल्या मनुष्यास गावेसे वाटत नाही हे खरे. पण पौलासही पाठ दुखत असतानाच गावे लागले. आणि ऐकणारे बंदिवान जवळच्या कोपीतही असतात.

तिसरी : हिशेब लिहावा. हा उपदेश समाधानाच्या पाठात कशासाठी, असे कोणी विचारील. उचल किती, फेड किती, मोळ्या किती, खाडे किती, हे ज्यास ठाऊक नाही त्याचे मन सदा धास्तीत असते. घरातील शाळकरी मुलास वही द्यावी. सत्य लिहिलेले असले म्हणजे मन निवांत प्रार्थना करू शकते.

चौथी : थोड्यातून द्यावे. शेजारच्या कोपीत बाळंतीण असेल तर एक वाटी पीठ जास्त भिजवावे. फिलिप्पैकर श्रीमंत नव्हते. मासेदोनियातील मंडळ्यांनी अति दारिद्र्यात आनंदाने दिले, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे. देणाऱ्याचे हात रिकामे होतात, विहीर रिकामी होत नाही.

आणि जे गावात मागे राहतात, त्यांनी गेलेल्यांच्या म्हाताऱ्यांस व मुलांस रविवारी आपल्या घरी जेवू घालावे. उपदेशक बंधूंनी हंगामात एकदा तरी फडावर जाऊन आपली मंडळी भेटावी. फडावरील उपासना देवळातील उपासनेहून कमी नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

1. पौल व सीला ह्यांनी भूकंपापूर्वी गाइले, ह्यावरून आनंदाविषयी काय शिकावे?
2. मन दगड करणे व ख्रिस्तात तृप्त असणे ह्यांत भेद काय?
3. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाईंस काय कळले? आपणांविषयी आपण काय म्हणू?
4. रात्रीचे गाणे व सकाळची न्यायाची मागणी ही एकाच विश्वासाची फळे कशी?
5. आपल्या मंडळीत कोणाची मजुरी कोणाकडे अडकली आहे? त्याविषयी आपण ह्या आठवड्यात काय करू?

शेवटच्या प्रश्नास सर्वांनी मिळून उत्तर द्यावे, आणि उत्तर देऊन थांबू नये.

ती बहीण त्या उन्हाळ्यात परत आली. आम्ही तिच्या दारी गेलो आणि म्हटले, “बाई, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही.” ती हसली. म्हणाली, “उत्तर मला ठाऊक होतं, पाळकसाहेब. तुम्हांला ठाऊक आहे का, ते बघत होते.” मग तिने चुलीवर चहा ठेविला आणि फडावर मुलांस शिकविलेले एक भजन म्हणून दाखविले. मुकादमाकडे तिचे काही पैसे अजून बाकी होते. त्याविषयी बोलावयास आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी बरोबर गेलो.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्या दारिद्र्यात आलास आणि आमच्याबरोबर भुकेला व तहानेला झालास. आमच्या आनंदाचा उगम तूच हो. पाऊस पडो वा न पडो, आमच्या अंतःकरणातील झरा आटू देऊ नकोस. रात्री गाण्यास आम्हांस कंठ दे, आणि दिवसा सत्य बोलण्यास धैर्य दे. जे आज दूरच्या फडात आहेत, त्यांस राख. जे मागे राहिले आहेत, त्यांस सांभाळ. आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याची मजुरी आहे, त्यांस तुझे भय दे. आमेन.